अकरा खड्यांची चिठ्ठी

डॉक्टर अभिराम यांनी बनवलेला प्रोग्राम बुधवारी दुपारी तीन वाजता सुरू झाला आणि सव्वातीनला हाताबाहेर गेला.

हिंगणघाटला त्यांचं एक्स-रेचं केंद्र होतं. मुतखड्याचा बारीक ठिपका नजरेतून सुटू नये म्हणून तो आपोआप शोधून देणारं काहीतरी त्यांना हवं होतं. प्रोग्राम लिहिणं त्यांना येत नव्हतं. पण त्यांच्या मुलीने, इलाने, पुण्याहून एक सॉफ्टवेअर पाठवलं होतं, त्यात लिहायचं काहीच नव्हतं. पडद्याच्या कडेला रंगीत चौकोन होते. ते माउसने ओढून मधे आणायचे आणि रेघांनी एकमेकांना जोडायचे, की प्रोग्राम तयार. 'चित्र आणा', 'साफ करा', 'ठिपके शोधा', 'मोजा', 'चिठ्ठी छापा'. सहा रविवार डॉक्टर चौकोन ओढत होते. जेवायला बोलावलं तर "एक चौकोन राहिलाय" म्हणायचे. सगळ्यात शेवटी त्यांनी 'छापा'च्या अलीकडे एक हिरवा चौकोन आणून ठेवला : 'डॉक्टरची मंजुरी'. स्वतः फिल्म पाहून बटण दाबल्याशिवाय चिठ्ठी निघू नये, अशी त्यामागची योजना होती.

पहिला पेशंट अल्लीपूरचे किसनराव. पन्नाशीचे शेतकरी, कमरेत डाव्या बाजूला चार दिवसांपासून कळ.

"कमरेला धातूचं काही असेल तर काढून ठेवा," डॉक्टर म्हणाले.

किसनरावांनी पट्टा काढला, किल्ल्या काढल्या, खिशातली नाणीही काढली. करदोडा काढला नाही. चांदीचे अकरा मणी ओवलेला तो करदोडा लहानपणापासून कमरेला होता. त्यांच्या लेखी ती वस्तू नव्हती, अंगच होतं.

फिल्म काढून डॉक्टर फोन घ्यायला बाहेर गेले. ते परत आले तेव्हा पडद्यावर किसनरावांचं पोट होतं आणि त्यावर ओळीने अकरा गोल काढलेले होते. इतक्या शिस्तीत बसलेले मुतखडे डॉक्टरांनी वीस वर्षांत पाहिले नव्हते.

"काजल, किसनराव कुठे आहेत?"

"गेले ते," स्वागत टेबलावरची काजल म्हणाली. "अल्लीपूरची गाडी होती त्याईची."

"चिठ्ठी नाही ना दिली?"

"देल्ली नं. मशीनमधून निंघाली, मंग ठप्पा मारून देल्ली. अकरा खडे म्हणे. लय घाबरले बिचारे."

डॉक्टरांनी प्रोग्राम उघडून पाहिला. हिरवा चौकोन अगदी योग्य जागी बसला होता, पण त्याला एकही रेघ जोडलेली नव्हती. 'मोजा'ची जुनी रेघ त्याच्या बाजूने सरळ 'छापा'कडे गेली होती.

त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. किसनरावांच्या बायकोने, भागीरथाबाईंनी, उचलला. खडे नाहीत, मोजणीत चूक झाली, असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं.

"तुम्ही धीर देऊन राह्यले, साहेब," त्या शांतपणे म्हणाल्या. "समजते मले. चिठ्ठीत लिवलं आहे, ठप्पा बी आहे." आणि फोन ठेवला.

रविवारी डॉक्टर गाडी काढून अल्लीपूरला गेले. किसनराव अंगणात बाजेवर पडले होते आणि उशाला मोसंबी होती. गावात कापसाची वेचणी जोरात होती, पण अकरा खड्यांच्या माणसाला वेचायला कोण बोलावणार? शेजारच्या मनकर्णाबाई रोज सकाळ-संध्याकाळ कुळथाचा काढा आणून पाजत होत्या. चार दिवसांच्या आरामात कळ पूर्ण थांबली होती.

"अकराही पडले," मनकर्णाबाईंनी डॉक्टरांना सांगितलं.

"कोणी पाहिले?"

"पाहाले कोण जाते?"

डॉक्टरांनी मग सगळं सांगितलं. ते खडे नव्हते, करदोड्याचे मणी होते. किसनरावांनी सोयाबीनची पोती उचलली होती, त्यात कंबर भरली. चूक प्रोग्रामची, म्हणजे माझीच.

भागीरथाबाईंनी त्यांच्यासमोर चहा ठेवला. एवढा मोठा माणूस काढ्यापुढे हरला, याचं त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं.

ओट्यावर वडनेरचा अंकुश फाइल मांडीवर घेऊन बसला होता. त्याला खरा खडा होता. येत्या गुरुवारी वर्ध्याला ऑपरेशन ठरलं होतं. किसनरावांची गोष्ट ऐकून त्याने ते रद्द केलं होतं.

"याईचे अकरा गेले," तो म्हणाला, "माहा तं एकच आहे."

डॉक्टरांचा चहा तसाच राहिला. त्यांनी अंकुशला अर्धा तास समजावलं. तो नम्रपणे मान हलवत होता आणि मनकर्णाबाईंकडे पाहत होता. शेवटी डॉक्टरही तिकडेच वळले.

"मनकर्णाबाई, खडा केवढा आहे ते कळल्याशिवाय काढा किती द्यायचा, हे कसं ठरवता?"

"अंदाजानं."

"मी मोजून देतो. पाच मिलिमीटरपर्यंतचा खडा भरपूर पाणी प्यायलं की बहुतेक वेळा आपोआप पडतो. मोठा अडकतो आणि किडनी खराब करतो."

बाईंनी विचार केला. "म्हंजे पाचाच्या आतला माहा, वरचा तुमचा."

डॉक्टरांनी या वाटणीत चूक शोधून पाहिली. मालकीचा मुद्दा सोडला तर सापडली नाही. त्यांनी मान डोलावली.

"जाय बापू," मनकर्णाबाई अंकुशला म्हणाल्या, "आंधी मोजून ये."

सोमवारी हिरव्या चौकोनाला दोन्हीकडून रेघा होत्या. अंकुशचा खडा नऊ मिलिमीटर निघाला. डॉक्टरांनी फिल्म पाहिली, बटण दाबलं, चिठ्ठी निघाली. अंकुशने ती तिथूनच फोनवर मनकर्णाबाईंना वाचून दाखवली. "नऊ? मंग वर्ध्याले जाय, अन् उशीर नोको करू," असं तिकडून आलं, आणि तो गेला.

त्याच्यामागून किसनराव आत आले. भागीरथाबाईंनी त्यांना ओढून आणलं होतं. खडे पडले असतील तर तसं लेखी हवं, कारण घरचा चार एकर कापूस वेचायचा उभा होता. या खेपेला करदोडा काजलच्या टेबलावर राहिला. फिल्म निघाली. पडद्यावर आकडा आला : शून्य. डॉक्टरांचा हात मंजुरीच्या बटणाकडे गेला, तेवढ्यात किसनरावांनी दरवाजा हळूच लोटून घेतला.

"साहेब, बायको भायेर बसली आहे. दोन-चार खडे राहू द्या. कापूस घरी येईपर्यंत."

"एकही नाही, किसनराव. मशीन शून्य सांगतंय."

"मशीनचं काय घेऊन बसले, साहेब," किसनराव समजुतीच्या सुरात म्हणाले. "ते चुकते, हे सांगाले तं तुम्हीच अल्लीपूरले आलते."