पोकळी बुजवू नये

कुपवाडच्या एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात भट्टी लावण्याआधी ब्राँझच्या भुकटीतल्या प्रत्येक कणाची संमती घ्यावी लागते, आणि त्या मंगळवारी एका कणाने ती दिली नाही.

हे काम शालन खामकरांकडे होतं. भुकटी साच्यात दाबून पंख्याच्या मोटरीचा दांडा ज्यात फिरतो ते बुश करायचे, संमती घ्यायची, मग भट्टीत सोडायचे. बारीक कणांचा त्यांना कधी त्रास नसे. ते मुळातच उतावळे, भट्टी नीट तापायच्या आत शेजाऱ्याला चिकटायला निघालेले. जाडे कण आढेवेढे घेत. हा अडून बसलेला मात्र बारीकच होता, म्हणून शालनबाईंच्या ते जरा मनाला लागलं.

त्यातून त्यांचंही एक उत्तर अडलेलं होतं. कारखान्याच्याच स्टोअरमधल्या विलास खोतांनी, विधुर आणि सरळ माणसाने, त्यांना लग्नाचं विचारलं होतं. बुधवारी सांगते, असं त्या म्हणाल्या होत्या. खोत त्यांना आवडत. पण नवरा गेल्यावर अकरा वर्षं एकटीने सांभाळलेलं घर आणि तिथली शांतता आता हातची जाणार, याची त्यांना धास्ती वाटे.

शालनबाईंनी त्या कणाचा बुश तळहातावर घेतला आणि रीतसर विचारलं, "काय अडचण हाय?"

"आत गेल्यावर मी उरणार का?" कण म्हणाला.

"उरशील की. आपण वितळवत न्हाई. शेजाऱ्याला जिथं टेकलायस तेवढंच जुळतं. मधली पोकळी तशीच ऱ्हाते, त्यात तेल मुरतं."

"आणि जास्त वेळ ठेवलं तर?"

खोटं बोलणं शालनबाईंना जमत नसे. "तर पोकळ्या बुजतात. बारका जाड्यात विरून जातो. मग तेलाला जागा न्हाई, आणि बुश कोरडा पडून कुरकुरतो."

"शेजारी चांगला हाय," कण म्हणाला. "माझी त्याच्याबद्दल तक्रार न्हाई. पोकळी बुजवू नये, एवढं लिहून घ्या."

शालनबाईंनी शेऱ्याच्या रकान्यात तसं लिहिलं. सुपरवायझरने वाचून, नियमात बसतं म्हणून सही केली. ट्रे आत गेला. वीस मिनिटं शालनबाई घड्याळासमोरून हलल्या नाहीत, चहालासुद्धा गेल्या नाहीत. बाहेर आलेला बुश गार झाल्यावर त्यांनी तेलात सोडला, तेव्हा तो बारीक बुडबुडे सोडत तेल पिऊ लागला. त्यांना फार बरं वाटलं.

बुधवारची वाट न बघता त्या स्टोअरमध्ये गेल्या.

"खोत, माझं हो हाय. पण माझं घर मी सोडणार न्हाई. रविवारी मी तिथं एकटी असणार."

"दर रविवारी?"

"दर रविवारी."

"जेवायला तरी आलो तर?"

"न्हाई."

खोतांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

"बरं," ते म्हणाले. "मग सोमवारी सकाळी चहाचं आधण मी ठेवतो."