अति तातडीची मोजणी

गेल्या मंगळवारपासून आमच्या घरापासून शाळेपर्यंतचं अंतर माझ्यापुरतं वाढलं आहे. इतरांसाठी ते पूर्वीइतकंच, म्हणजे एकशे दहा पावलं आहे. माझ्यासाठी ते मंगळवारी चारशे पावलं होतं आणि गुरुवारी अकराशे.

शाळा आमच्या दारातून दिसते. फाटकाचा हिरवा रंग दिसतो, पाचवीच्या वर्गात कोण खिडकीत चढलं आहे तेही दिसतं. एडिंबरोहून शिक्षणशास्त्र शिकून मी परत आले ती याच शाळेत शिकवायला. चांगल्या शिक्षणासाठी कुठल्याही मुलाला हे गाव सोडावं लागू नये, असं माझं म्हणणं होतं आणि आहे.

पुण्याच्या डॉक्टरांनी माझ्या आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस असं लिहून दिलं. मेंदूने पायांना धाडलेले निरोप वाटेत अडकतात, म्हणून तोल जातो, असं त्यांनी नीट समजावलं. अंतराबद्दल विचारलं तेव्हा ते म्हणाले, "ते आमच्याकडे नाही. ते महसूल खात्याकडे."

मी भूमापन कार्यालयात मोजणीचा अर्ज केला. साधी, तातडीची आणि अति तातडीची असे तीन प्रकार होते. मी तिसऱ्यावर खूण केली.

"कशाला कागदावर आणतेस, मैथिली?" आई म्हणाली. "कागदावर आलं की ते कायमचं होतं."

"खरी नोंद झाल्याशिवाय सोय कशी होणार, आई?"

माझा यावर मनापासून विश्वास होता.

शनिवारी सकाळी भूकरमापक निवास पिसाळ आले. त्यांनी तीन पायांच्या तिकाटण्यावर यंत्र लावलं, शाळेच्या फाटकावर नेम धरला आणि ब्याऐंशी मीटर असा आकडा वाचला. मग मला फाटकाकडे चालायला सांगितलं. मी वीस पावलं चालले. त्यांनी पुन्हा यंत्रात पाहिलं, त्यात मी जेमतेम हातभर पुढे सरकले होते, आणि त्यांनी ते बंद करून पेटीत ठेवलं.

"हे तुमच्यासाठी चालायचं नाही, ताई. टेपच लावायला लागंल. शून्याचं टोक तुम्ही धरा."

नियमाप्रमाणे लगतच्या घरांना नोटिसा गेल्या होत्या. गल्लीतले सगळे आपापल्या दारात उभे होते. अंतर वाढलं म्हणजे ते कुणाच्या तरी अंगणातून गेलं असणार, या शंकेने मोकाशीकाकांनी पहाटेच आपलं कुंपण मोजून ठेवलं होतं.

"माझं इंचभर कमी नाही," ते म्हणाले. "मग हिचं वाढलं कुठून?"

"तिकडून येताना जे सात-आठ हजार किलोमीटर कापलेस, ते कुठे जमा केलेस गं?" समोरच्या सुमनकाकूंनी विचारलं. "केलं नसशील. आता निघतंय ते."

सगळे हसले. पिसाळ हसले नाहीत. त्यांनी वहीत लिहिलं, 'पूर्वीचे अंतर : जमा केल्याचा पुरावा नाही.'

आम्ही निघालो. तीस मीटरचा टेप पंधराव्यांदा जमिनीवर पडला तेव्हा आम्ही मोकाशीकाकांच्या कुंपणापाशी होतो. तिथे रस्ता डावीकडे कलला. माझा डावा पाय खाली कुठेतरी गेला, मला तो सापडेना, आणि मी दोन्ही हातांनी कुंपणाची भिंत धरली.

"धर, धर," काका म्हणाले. मग पिसाळांकडे वळून हळूच म्हणाले, "पण नोंद नको हां. उद्या ही म्हणेल वहिवाट आहे."

"उतार लिहावा लागंल," पिसाळ म्हणाले. "डावीकडे. फक्त अर्जदारासाठी."

मी भिंत सोडत नव्हते. सुमनकाकूंचं दार मागे दहा हातांवर होतं आणि त्या दारात काकू उभ्या होत्या, पण त्यांचा चेहरा मला नीट ओळखता येत नव्हता. फाटक पुढे होतं आणि ते सकाळपेक्षा लहान दिसत होतं. मधल्या जागेत मी एकटी होते आणि ही जागा अजून वाढत होती. मी काठी घरी ठेवून आले होते. वर्गातल्या मुलांनी मला आजवर काठीशिवायच पाहिलेलं होतं.

"बसा जरा," पिसाळ म्हणाले. त्यांनी रस्त्यातच रुमाल अंथरला, डबा उघडला आणि मला अर्धी भाकरी दिली. "लांबच्या मोजणीला निघालं की मी डबा आणतोच. कच्च्या नकाशावरनं अंदाज आला होता."

साडेबाराला आम्ही फाटकाशी पोचलो. टेप त्रेसष्ट वेळा पडला होता. एक हजार आठशे नव्वद मीटर.

मुख्याध्यापिका लोखंडेबाई फाटकात उभ्या होत्या. शिक्षक मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावातच, राहतो असा दाखला दरवर्षी त्याच देतात. आठ किलोमीटरपर्यंत तो देता येतो, त्यापुढे नाही, आणि दाखला नसेल तर नोकरी जाते. त्यांनी पिसाळांची वही वाचली आणि बोटांवर हिशेब केला.

"मंगळवारी चारशे पावलं, आज हे. दोन आठवड्यांत तू गावाबाहेर जाशील, मैथिली."

"बाई, मी समोरच राहते."

"मला दिसतंय गं. पण नोंद तूच मागितलीस ना?"

पिसाळांनी पेन टोपणात घातलं. "ताई, सही झालेली नाही अजून. म्हणाल तर यंत्राचे ब्याऐंशी मीटर लिहितो. गल्लीतलं कुणी बोलणार नाही."

ब्याऐंशी लिहिलं असतं तर नोकरी राहिली असती, आणि रोज सकाळी आठ वाजता फाटकात नसल्याबद्दल उशिराचा शेरा बसला असता. मी नकारार्थी मान हलवली. "खरं तेच लिहा."

लोखंडेबाईंनी आमच्या घराकडे पाहिलं. मग त्यांनी शून्याचं टोक माझ्या हातातून काढून घेतलं.

"पिसाळ, तुम्ही एकाच बाजूने मोजलंत. चला."

त्या फाटकातून निघाल्या आणि ताठ चालत आमच्या पायरीपर्यंत गेल्या. टेप तीनदाही पुरता पडला नाही. पायरीवरून त्यांनी ओरडून सांगितलं, "एकशे दहा पावलं!"

पिसाळांनी दोन्ही आकडे लिहिले, 'जाताना' आणि 'येताना'. नियमात अंतर कोणत्या दिशेने धरावं ते दिलेलं नव्हतं. बाईंनी दाखला 'येताना'वरून दिला.

सोमवारपासून पाचवीचा वर्ग आमच्या पडवीत भरतो. मुलं आठला पाच मिनिटं असताना येतात. पहिल्या दिवशी त्यांनी कोपऱ्यातली काठी पाहिली, आणि जुबेरने विचारलं, "बाई, हिने फळ्यावरचं दाखवायचं का?" मी हो म्हणाले. मी ती आता हातातच ठेवते. वर्ग चांगला चालला आहे. मोकाशीकाकांनी बसायला सतरंजी दिली, तिची नोंद न करण्याच्या अटीवर.

काल मी कार्यालयात आणखी एक अर्ज पाठवला. अति तातडीचा. पलंगापासून उंबऱ्यापर्यंत.

आज पहाटे आईने स्वयंपाकघरातून हाक मारली. स्वयंपाकघर माझ्या खोलीला लागूनच आहे. हाक पोचायला थोडा वेळ लागला.

"मैथिली, चहा झालाय!"

"निघाले, आई," मी ओरडून सांगितलं.

जरा वेळाने तिचं उत्तर आलं, बारीक आवाजात. "सावकाश ये. मी झाकून ठेवते."

मी काठी घेतली, पाण्याची बाटली भरून घेतली, आणि आठच्या आत पडवीत पोचायचं होतं म्हणून लगेच निघाले.