बैल गच्चीवर चढत नाही

बापू सावंत पाहुण्याला पाण्याआधी प्रश्न विचारीत : "घरात तांदूळ किती दिवसांचे आसत?" उत्तर "आठवड्याचे" असे आले की कपाळाला हात लावीत.

आमची इमारत मुलुंडची, सात मजल्यांची. बापू माझ्या शेजारी राहतात, एकटे. त्यांच्या पलंगाखाली कडुलिंबाचा पाला घातलेले तांदळाचे डबे असतात आणि गच्चीवर मातीने भरलेली निळी पिंपे. पिंपांत अळू, माठ, भेंडी. मांडवावर पडवळ आणि दोडका. भाजीवाला तासभर उशिरा आला तरी बापूंना दुष्काळ दिसे. "गाडयो येवच्यो बंद झाल्यो, मगे काय नोटा शिजवन खाशात?"

मी सांगत असे, "बापू, तुटवडा येतो आणि जातो. त्याने जग बुडत नाही."

"बुडताना माका हाक मारू नकात!"

सातव्या मजल्यावरच्या पाटकरबाई सोसायटीच्या सेक्रेटरी. त्यांच्या छताला ओल आली. गणपती विसर्जनानंतर पिंपे उतरवावीत, अशी नोटीस त्यांनी लावली. बापूंनी ती वाचली आणि दोन दिवस कोणालाही तांदूळ विचारला नाही. पिंपांतल्या अळूचे कंद त्यांच्या दिवंगत पत्नीने गावाहून आणलेले होते. हे आम्हा दोघांनाच ठाऊक होते.

गणपतीच्या तोंडावर ट्रकवाल्यांनी संप केला. ऋषिपंचमीला सकाळी स्टेशनाबाहेरच्या भाजीच्या पाट्या रिकाम्या. या दिवशी उपवासाच्या बायका बैलाच्या कष्टाचे खात नाहीत. माणसाच्या हाताने पिकवलेल्या भाज्यांची ऋषीची भाजी करतात. ती कशाची करणार?

पहिली टोपली घेऊन पाटकरबाईच आल्या. "बापू, थोडा अळू मिळेल का? म्हणजे... बैलाचा नाही ना?"

बापूंनी कमरेवर हात ठेवले. "वहिनी, बैल गच्चीत चढलेलो बघितलात कधी? निर्धास्त खावा!"

त्यानंतर जिन्यात रांग लागली. बापू सेनापतीच्या थाटात विळा चालवीत होते. एकाही घराला त्यांनी नाही म्हटले नाही. दुपारपर्यंत पिंपांत नुसते देठांचे खुंट उरले. पाटकरबाईंनी नोटीस स्वतःच्या हाताने फाडली आणि म्हणाल्या, "खाली विटा लावा, पाणी साचू देऊ नका. म्हणजे झालं."

मी म्हणालो, "तुमचा दुष्काळ एका सकाळचा निघाला."

"सुरवात झाली मां!"

"पण एकट्या माणसाला इतका अळू कशाला?"

विळा पुसता पुसता ते म्हणाले, "एकट्याक दोन पानां पुरतत. दुष्काळ काय एकट्याक येता?"

संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. घरोघरची ऋषीची भाजी वाट्यांतून आली होती. पत्नी गेल्यापासून ती त्या घरात शिजली नव्हती. बापूंनी सगळ्या वाट्या एकाच ताटाभोवती मांडल्या होत्या आणि प्रत्येकीतला एकेक घास सावकाश खात होते.

जेवण झाल्यावर त्यांनी वाट्या घासल्या आणि अडचणीत पडले. शेजाऱ्याची वाटी रिकामी परत देऊ नये. गच्चीवर तर पानही उरले नव्हते.

मग ते खाली वाकले. पलंगाखालचा तांदळाचा डबा ओढून त्यांनी झाकण उघडले. इतक्या वर्षांत तो डबा उघडलेला मी पाहिला नव्हता.

"बघतास काय? वाटी धरा."

मी धरली.