गावंडेबाईंकडच्या पेट्या

मागच्या मे महिन्यात आमच्या गल्लीत एक मुलगी एकाच दारातून अकरा वेळा आत गेली आणि अकरा वेळा बाहेर आली. समोर नव्यानं राहायला आलेले गृहस्थ गॅलरीतून हे बघत होते. शेवटी न राहवून ते माझ्याकडे आले आणि हळू आवाजात म्हणाले, "सर, त्या पोरीले घरात घेऊन नाई राहिले का? कोनाले सांगाव लागते का?"

मी त्यांना बसवलं, माठातलं पाणी दिलं आणि सांगितलं की काळजीचं कारण नाही, ती मुलगी नोकरीला लागायच्या तयारीत आहे.

त्यांना काही कळलं नाही. राजापेठेच्या आमच्या भागात गावंडेबाई ज्याला माहीत नाहीत तो एकतर नवा तरी असतो, नाहीतर त्याला मुलगी तरी नसते. बाई एका कॉलेजच्या ऑफिसात तीसेक वर्षं शिष्यवृत्तीच्या खिडकीत बसल्या. लग्न केलं नाही. त्या अजूनही समोरच्याकडे मान जराशी वाकवून चष्म्यावरून बघतात, जणू मध्ये खिडकीच आहे. मी चित्रकलेचा निवृत्त मास्तर, मला कसलीही शिष्यवृत्ती नको. तरी त्यांनी तसं बघितलं की माझा हात खिशात झेरॉक्स शोधायला लागतो.

निवृत्त झाल्यावर माणसं पोथी वाचतात, सकाळी फिरायला जातात, शेजाऱ्यांना औषधं सुचवतात. बाईंनी मुलींना नोकरीला लावायचं काम हाती घेतलं. त्यातही अट अशी की मुलगी शिष्यवृत्तीवर शिकलेलीच पाहिजे. "बाकीच्यायले कोनी ना कोनी असते," त्या म्हणतात. "या पोरीयले फक्त फॉर्म भरता येते."

यात किती तथ्य आहे ते मला पल्लवीवरून कळलं. अकरा वेळा दारातून गेली ती हीच. हिवरखेडची, एम. एस्सी. झालेली, हुशार आणि लाजाळू. तिनं अकोल्याच्या एका बियाण्यांच्या कंपनीत प्रयोगशाळेतल्या जागेसाठी अर्ज लिहिला आणि तपासायला बाईंकडे आणला. बाईंनी तो मला मोठ्यानं वाचायला लावला. "महोदय, मी एक गरीब व होतकरू विद्यार्थिनी असून माझे वडील अल्पभूधारक आहेत. तरी माझ्या परिस्थितीचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती." सोबत उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला आणि रेशनकार्डाची प्रत. गुणपत्रिका सगळ्यात शेवटी होती.

यात पोरीची चूक नव्हती. शाळेपासून विद्यापीठापर्यंत तिनं दरवर्षी हाच अर्ज लिहिला होता आणि दरवर्षी तो मंजूरही झाला होता. याआधीच्या दोन मुलाखतींमध्येही तिनं हेच केलं होतं. "तुमच्याबद्दल सांगा" म्हटल्यावर तिनं आटलेल्या विहिरीपासून सुरुवात केली. समोरच्या साहेबांचे डोळे पाणावले. त्यांनी तिला चहा दिला, भरपूर आशीर्वाद दिले, आणि नोकरी दुसऱ्या कोणाला तरी दिली.

"स्कॉलरशिपले परिस्थिती लागते, नोकरीले पोरगी लागते," हे बाईंचं ठरलेलं वाक्य. त्यांच्या घरात 'परिस्थिती' या शब्दाला बंदी आहे. सरावाच्या मुलाखतीत तो तोंडातून निघाला की मुलीनं उठायचं, बाहेर जायचं, दार लावायचं आणि पुन्हा 'आत येऊ का सर' पासून सुरुवात करायची. दुसरा गुन्हा म्हणजे खुर्चीच्या टोकावर बसणं. आमच्याकडच्या पोरी ऑफिसात अशाच बसतात, कोणी ऊठ म्हणायच्या आत उठता यावं म्हणून. बाई मागून ओरडतात, "पाठ टेकव. खुर्ची पूर्न तुयी हाये."

या नाटकात साहेबाची भूमिका माझ्याकडे आहे. माझ्या अंगच्या गुणांमुळे ती मिळाली असावी असा माझा समज होता. बाईंनी तो लगेच दूर केला. "तुमचं पोट साहेबासारखं हाये," त्या म्हणाल्या. तेव्हापासून भर उन्हाळ्यात मी माझ्या लग्नातला कोट घालून त्यांच्या इस्त्रीच्या टेबलामागे बसतो. कूलर बंद, कारण मुलीचा आवाज ऐकू आला पाहिजे. एवढं करून शाबासकी नाहीच. "सर, तुमी लय गोड हसून राहिले. साहेब असा हसते काय? जरा पोट दुखल्यावानी बसा."

पल्लवीच्या वेळी मात्र बाई नेहमीसारख्या रंगात नव्हत्या. परीक्षा संपली होती, शिष्यवृत्ती संपली होती, आणि महिनाअखेर होस्टेलची खोली रिकामी करायची होती. बाईंचा दुसरा एक सिद्धांत आहे. मुलगी सुट्टीत गावी गेली तर चालेल, पण तिची पेटी जाता कामा नये. पेटी घरी पोचली की ती पलंगाखाली जाते, तिच्यावर गव्हाचं पोतं येतं, आणि मग मुलगीही तिथंच राहते. "पेटी गेली का पोरगी गेली," त्या म्हणतात.

म्हणून होस्टेल सुटलेल्या मुलींच्या पेट्या बाई स्वतःच्या घरी ठेवून घेतात. त्यांच्या बैठकीच्या खोलीत बसायला जागा नाही. लोखंडी पेट्या, चाकं तुटलेल्या सुटकेसी, दोरीनं बांधलेली वळकटी. पाहुण्यांनी आपली पेटी निवडून तिच्यावर बसायचं. नोकरी लागली की मुलगी येते, पेटी उचलते, आणि बाई सगळ्या गल्लीला दह्यात भिजवलेला गिलावडा खाऊ घालतात. पल्लवीच्या वडिलांचा निरोप आला होता की एकतीस तारखेला टेम्पो गावाकडे येतोय, त्यात सामान टाकून दे. मुलाखत एकोणतीसला होती.

अठ्ठावीसच्या संध्याकाळी शेवटचा सराव झाला. पोरीचं उत्तर पाठ होतं, पण आवाज मेलेला होता. मला उकडत होतं, भूक लागली होती, म्हणून मी बाईंनी लिहून दिलेला कागद बाजूला ठेवला आणि सहज विचारलं, "घरी असली की काय करते तू?"

तिनं बाईंकडे चोरून बघितलं. "सांगू का? ते परिस्थितीत येते."

"सांग," बाई म्हणाल्या. तो शब्द ऐकूनही मुलीला बाहेर न काढण्याची त्यांची ती पहिलीच वेळ.

"पेरनीच्या आंधी मी न् आई गोनपाट ओलं करतो. त्यात सोयाबीनचे शंभर दाने मोजून गुंडायतो. चार-पाच दिवसांनी उघडून पायतो किती उगवले. सत्तरच्या खाली असले तर बाबाले ते बी पेरू देत नाई. मंग गावातले लोकही त्यायचं बी आनून देतात. मी नुस्तं दाताखाली दाबून सांगतो, हे जुनं हाये म्हनून."

हे सांगताना ती हात हलवत होती. आणि तिची पाठ खुर्चीला टेकलेली होती. कोणीही सांगितलं नव्हतं.

बाईंनी चष्मा काढून पुसला. "अवं, ते लोक या कामाचा पगार देतात," त्या म्हणाल्या. "उद्या हेच सांग. विहीर राहू दे."

तिनं हेच सांगितलं. साहेबांनी म्हणे तिथल्या तिथं दोन वाट्यांत बी मागवलं आणि तिच्यासमोर ठेवलं. एकतीस तारखेला टेम्पो पेटीशिवाय गावाकडे गेला, पेटी बाईंकडे आली, आणि मी चार गिलावडे खाल्ले. यशात माझाही वाटा होता, असं मी दोन-तीनदा सुचवलं. बाईंनी पाचवा वाढला, कबुली काही दिली नाही.

पल्लवी आपली पेटी न्यायला आली तोवर बाकीच्या मुली आपापल्या पेट्या घेऊन गेल्या होत्या आणि खोलीत आणखी एकच पेटी उरली होती. कोपऱ्यातली, हिरव्या रंगाची, जुनी. मी तिच्यावर कितीदा बसायला गेलो असेन आणि बाईंनी दर वेळी मला उठवलं असेल. पल्लवीनं वाकून झाकणावरची पांढरी अक्षरं वाचली. "कु. मंदा तायडे, बार्शीटाकळी. मॅडम, हिले अजून नोकरी नाई लागली का?"

मला वाटलं, बाई काहीतरी खमंग उत्तर देतील. त्या खाली बसल्या.

"ते मायी पयल्या सालातली पोरगी," त्या म्हणाल्या. "दाखला मागच्या वर्साचा होता. मी फॉर्म वापस केला. नियमच होता. ते म्हने, मॅडम, नवा दाखला घेऊन येतो, तवरीक पेटी तुमच्याकडे राहू द्या. ऑफिसात ठेवून गेली. आलीच नाई."

"मग?" मी विचारलं.

"मंग काय. शेवटची तारीख गेली. मी एक चिठ्ठी टाकली असती तरी आली असती. नवीन होती ना मी, नियम लय आवडत होते." ऑफिस सोडताना त्या पेटी घरी घेऊन आल्या होत्या. दर पावसाळ्याआधी पुसतात, आत हात न लावता. मी इतकी वर्षं या बाईंची टिंगल करत आलो, आणि त्या दिवशी मला त्याची लाज वाटली.

पल्लवीचं काम आता अकोल्याच्या आसपास फिरून बियाण्यांचे नमुने आणायचं आहे. तिनं बार्शीटाकळीच्या बाजारात चौकशी केली आणि चौथ्या खेपेला मंदाबाई सापडल्या. गावाबाहेर मळा आहे, वांगी आणि झेंडू विकतात, दोन मुलं आहेत. पल्लवीनं फोन केला तेव्हा मी बाईंकडेच होतो. "पेटीचं सांगितलं मॅडम. त्यायनं हातातला तराजू खाली ठेवला. मंग म्हने, मॅडमले म्हना, या."

जायचं रविवारी ठरलं. शनिवारी दुपारी बाईंनी मला बोलावून घेतलं. मी सवयीनं कोट घेऊन गेलो.

"आज कोट नाई पायजे," त्या म्हणाल्या. "आज तुमी साहेब नाई. तुमी मंदा हाये."

टेबल बाजूला केलेलं होतं. दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या होत्या. मी एकीवर बसलो आणि बाई बाहेर गेल्या. दार वाजलं.

"आत येऊ का?"

"या," मी म्हणालो.

त्या आल्या, बसल्या आणि म्हणाल्या, "मंदा, तवा ऑफिसची परिस्थिती अशी होती का..." एवढं बोलून थांबल्या. स्वतःच उठल्या, बाहेर गेल्या, दार लावलं. पुन्हा आल्या. या वेळी म्हणाल्या, "नियम असा होता," आणि पुन्हा उठल्या. किती वेळा ते मी मोजलं नाही. समोरचे गृहस्थ गॅलरीत उभे होते, पण या वेळी ते विचारायला आले नाहीत.

शेवटच्या वेळी त्या आल्या. खुर्चीच्या अगदी टोकावर बसल्या, पदर मुठीत धरून. हिवरखेडची कोणतीही पोरगी बसते तशा. मला मंदा व्हायचं होतं, पण मंदा काय बोलेल ते मला कुठून माहीत असणार? मला एकच वाक्य येत होतं.

"बाई," मी म्हणालो, "पाठ टेकवा."

त्यांनी पाठ टेकवली. मग हळूच म्हणाल्या, "मायं चुकलं, मंदा. तुयी पेटी आनली."