एक टोपी, सगळे पाहुणे

"आधी ते लक्तर डोक्यावरून उतरव," नोरीन नवऱ्याला म्हणाली. "आज परीक्षक बाई यायच्यात."

मर्व्हिनने आपली कळकट टोपी कचऱ्याच्या डब्यात टाकली. वसंतातल्या त्या शनिवारी गावातली सजवलेली घरं पाहुण्यांसाठी उघडी असत आणि सर्वांत सुंदर घराला संध्याकाळी सभागृहात निळी फीत मिळे. ती दर वर्षी समोर राहणारी नणंद, डल्सी, पटकावायची आणि पुढे वर्षभर टोमणे मारायची. यंदा नोरीन इरेला पेटली होती. व्हरांडा लख्ख होता, विस्टेरियाचा जांभळा वेल बहरला होता, टेबलावर चहाच्या किटल्यांसाठी तिने स्वतः विणलेली लोकरी झबली मांडली होती.

घोडं अडलं फाटकाशी. वरच्या निलगिरीच्या झाडावर मॅगपाय या काळ्या-पांढऱ्या पक्ष्याची पिल्लं होती आणि त्यांचा बाप दिसेल त्याच्या टाळक्यावर झडप घालत होता. पहिल्या दोन पाहुण्या पळत डल्सीकडे शिरल्या.

"या, बसा," डल्सी रस्त्यापार ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "आमच्याकडे माणसांना चोच मारत नाहीत."

नोरीनने पुढच्यांच्या डोक्यांवर झबली चढवली. पक्ष्याने त्यांचे गोंडे उपटून घरट्यात नेले.

"थांब, मी बघतो," मर्व्हिन म्हणाला. "रोज खिमा घालतो मी त्याला. दोस्त आहे माझा."

तो ऐटीत निघाला आणि दोस्ताने त्याचं टक्कल टोचलं. दोष पक्ष्याचा नव्हता. मर्व्हिनची टोपी सदा नाकापर्यंत ओढलेली, त्यामुळे बिचाऱ्याने मर्व्हिन कधी पाहिलाच नव्हता. त्याची ओळख होती ती टोपीशी.

नोरीनने स्वतः डब्यात हात घालून टोपी काढली. मग काय, एकाने टोपी घालून आत यायचं आणि ती कुंपणावरून पुढच्याकडे भिरकावायची. लोकांना त्यातच मजा वाटू लागली. काही जण तर दोनदा आले. डल्सीचं अंगण ओस पडलं आणि नोरीनचा जीव सुपाएवढा झाला.

सगळे पांगल्यावर परीक्षक बाई आल्या, टोपी घालून. पक्षी अलगद त्यांच्या खांद्यावर उतरला आणि खिम्याच्या आशेने थेट दिवाणखान्यात आला. बाईंचे डोळे भरून आले.

"इतकी वर्षं घरं बघतेय, पण असं स्वागत कुणी केलं नाही," त्या म्हणाल्या. "फीत तुमचीच. पाचला या."

त्या हात हलवत गाडीतून गेल्या. टोपी डोक्यावरच होती.

पाचला नोरीन नवा फ्रॉक घालून निघाली आणि फाटकावरून केस विस्कटून परतली. पुन्हा गेली, पुन्हा परतली. मागच्या बाजूला ओढा दुथडी भरून वाहत होता. मर्व्हिन तर टकलाला पट्टी लावून पलंगाखालीच बसला होता.

"डल्सी," शेवटी नोरीनने व्हरांड्यातून हाक मारली. "जरा तेवढी..."

"अगं, फीत आणते की मी," डल्सी ओठांना लाली लावत म्हणाली. "भाषणही करते. मला काय, सवयच आहे."