गिअरबॉक्सची सोयरीक

घराण्याची प्रतिष्ठा ही त्या घराण्याला जे झेपत नाही, त्याच्यावर उभी असते. जे झेपतं त्याला नुसता संसार म्हणतात. या न्यायाने तेलगाव पंचक्रोशीत अमरसिंह अण्णांचं घराणं सर्वांत प्रतिष्ठित, कारण त्यांच्या दारात साठ वर्षं जुनी, लाल रंगाची, बिनछताची विलायती स्पोर्ट्स कार उभी असते. ('उभी असते' हे शब्दशः घ्यावं.) गाडीत दोनच माणसं बसतात. दुसऱ्या एखाद्या पुढाऱ्याला ही अडचण वाटली असती. पण अण्णांचे कार्यकर्ते मागून जीपमध्ये धूळ खात येतात, आणि त्यात त्यांच्या निष्ठेची तपासणीही होऊन जाते.

गेल्या हंगामात कारखान्याच्या रस्त्याला उसाची ट्रॉली चिखलात रुतली. ट्रॅक्टर ओढून ओढून दमला. तेवढ्यात गर्दीतून कोणीतरी बोललं, "अण्णा, तुमची गाडी रेसची हाय म्हणत्यात." एवढं पुरेसं होतं. अण्णांनी ट्रॉलीला साखळी बांधली. ट्रॉली जागची हलली नाही, पण गाडीच्या पोटातून खलबत्त्यात बांगड्या कुटल्यासारखा आवाज आला. तेव्हापासून गाडीला पहिला गिअर आणि रिव्हर्स एवढेच उरले. अण्णा पहिल्यातच गावभर फिरू लागले, आणि माणूस मोठा झाला की सावकाश चालतो, असं लोक कौतुकाने म्हणू लागले.

शेवटी मैनुद्दीनभाई मिस्त्रींनी गिअरबॉक्स खाली उतरवला आणि दोन मार्ग सांगितले. एक, हाच डबा उघडून आतली दातेरी चाकं, बेअरिंगं, रिंगा सगळं नवं घालायचं. माल विलायतेहून येणार, खर्च साडेतीन लाख, वेळ चार महिने. दुसरा, अदलाबदल. पुण्याचं एक गॅरेज आपला मेलेला डबा ठेवून घेतं आणि दुरुस्त केलेला दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचा डबा देतं. खर्च जवळजवळ निम्मा, वेळ आठ दिवस.

"ह्याच्यात पैसा जातोय, त्याच्यात भरोसा," मैनुद्दीनभाई म्हणाले. "कायबी करा, पन जल्दी करा. माझी जागा अडून बसलीय."

घराण्यात परका डबा येणार म्हटल्यावर विषय एकट्याने ठरवण्याचा राहत नाही. भावकीची समिती बसली. मी अण्णांचा चुलत भाऊ, शिवाय निवृत्त ग्रामसेवक, त्यामुळे चिटणीसपद ओघानेच माझ्याकडे आलं. समितीने पुण्याच्या डब्याबद्दल विचारलेले प्रश्न इतके नेमके होते, की ते इथे देण्याचा मोह आवरत नाही. हा डबा मुळात कोणाच्या घरचा? त्या घरातून निघाला कशापायी? आजवर किती हातांखालून गेला? आधीचा मालक पीत होता का? (पिणारा माणूस क्लच न दाबता गिअर टाकतो.) वरून रंग दिला असेल तर रंगाखाली काय आहे? गरम झाल्यावर कसा वागतो? शेवटचा प्रश्न अण्णांचे मेहुणे सुग्रीव यांचा होता, आणि त्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या.

सुग्रीव पुण्याला दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा कळवून आणि दुसऱ्यांदा न कळवता, कारण खरं रूप दुसऱ्या फेरीतच दिसतं. डबा चालू करून, त्याला कान लावून ते तासभर उकिडवे बसले. गॅरेजवाल्याच्या शेजाऱ्यांकडेही त्यांनी चौकशी केली. गॅरेजवाला सहा महिन्यांची हमी द्यायला तयार होता, पटला नाही तर परत. समितीने ती हमी स्टँपपेपरवर मागितली, तीही त्याने कबूल केली. तरीसुद्धा अखेरच्या बैठकीत अण्णा म्हणाले, "परक्याचा माल तो परक्याचाच. उद्या आतून काय निघंल, कोन सांगावं? आपला हाय तोच नीट करू." साडेतीन लाख मंजूर झाले. एवढी सावधगिरी मी सरकारी नोकरीच्या अख्ख्या काळात पाहिली नव्हती.

त्याच बैठकीत, चहा आला तेव्हा, विषय क्रमांक दोन निघाला. अण्णांचा मुलगा सत्यम तेहतीस वर्षांचा झाला होता. मुलींचे बाप हल्ली आधी नोकरी विचारतात, आणि नोकरी सांगितली की शहरातला फ्लॅट विचारतात. सत्यमकडे सांगण्यासारखी फक्त वडिलांची गाडी होती. केजच्या एका घरी मात्र त्यांची आरोही सत्यमला द्यायची तयारी होती, अट एकच. अण्णांची राजनंदिनी त्यांच्या सोमनाथला द्यायची. यालाच आमच्याकडे साटंलोटं म्हणतात. व्यवहार अदलाबदलीचाच, पण एक मांडव, एक आचारी, एकच बँड, आणि देणंघेणं ना इकडे ना तिकडे.

"पोरगा काय करतोय?" मी रीतीप्रमाणे विचारलं.

"करतोय कायतरी," सुग्रीव म्हणाले. चहा निवायच्या आत ठराव मंजूर झाला.

कपबश्या न्यायला राजनंदिनी आली होती. ती बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. ट्रे तसाच हातात धरून ती म्हणाली, "अण्णा, त्या डब्यासाठी मामा दोनदा पुण्याला गेलते. सोमनाथची चौकशी कावून न्हाई?"

मग सुग्रीवांनी तिला मायेने समजावलं, "बाई, पोरगी जुळवून घेती. गिअर जुळवून घेत न्हाई, त्याचे दात तुटत्यात."

"मग मलाबी सहा म्हैन्यांची हमी लिहून द्या."

समिती खळखळून हसली. "लई हुशार हाय," अण्णा कौतुकाने म्हणाले. मी इतिवृत्तात नोंद केली, 'सदर सूचना हसण्यावारी घेण्यात आली.'

दोन्ही लग्नं एकाच मांडवात झाली. विलायतेहून माल आला, मैनुद्दीनभाईंनी डबा बांधला, आणि गाडी पुन्हा चारही गिअरांत चालू लागली. पाचव्या महिन्यात राजनंदिनी माहेरी आली. डाव्या हाताला प्लास्टर होतं. सोमनाथ काय करतो, हे आता सगळ्यांना कळलं होतं.

समिती पुन्हा बसली. परत घेण्याची अट कुठे लिहिलेलीच नव्हती. शिवाय साटंलोट्याचा नियम असा, की एकीला ठेवून घेतलं तर दुसरीला परत पाठवावं लागतं. आरोही घरात रुळली होती, सत्यमने चांगलं बाळसं धरलं होतं. एकीसाठी दोन संसार मोडणं कोणाच्याच मनाला येईना. तिची आई सुंदरबाई दाराआडून काहीतरी म्हणाली, पण ती समितीची सदस्य नव्हती.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी स्वतः राजनंदिनीला केजला पोचवलं. लाल गाडीत दोनच जागा, त्यामुळे आईला बरोबर जाता आलं नाही. मी मागे चिकटून चाललेल्या जीपमध्ये होतो, उंचावरून बिनछताची गाडी आतपर्यंत दिसत होती. धारूरचा घाट चढताना अण्णांनी तिसऱ्यातून दुसरा टाकला, आणि नुसता टक् असा आवाज झाला. सगळ्या रस्त्याने एकही गिअर निसटला नाही. राजनंदिनी प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन समोर बघत होती. काम चोख झालं होतं, आणि तरी मला रडू आलं. धूळ फार होती, असं मी जीपमधल्यांना सांगितलं.

ही हकीकत मी ज्या ज्या पाहुण्याला सांगितली, तो हळहळतो आणि मराठवाडा अजून मागासलेला आहे, असं म्हणतो. तुम्हीही म्हणा. तुमच्याकडे साटंलोटं नसतं, तुम्ही शिकलेले आहात. फक्त एक आठवून बघा. जुनी मोटारसायकल घ्यायला गेलात, तेव्हा ओळखीचा मेकॅनिक बरोबर नेला होता, दोन चकरा मारल्या होत्या, सायलेन्सरमध्ये बोट घालून काजळी पाहिली होती. बहिणीच्या स्थळाचं घर बघायला गेलात, तेव्हा जेवण झक्कास होतं, एवढंच तुम्ही परत येऊन सांगितलं होतं.