कौतिकामावशींची तपासणी

कौतिकामावशींना एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण त्यांनी तपासल्याशिवाय एकही पुस्तक त्यांच्या घराचा उंबरा ओलांडत नसे.

पाथर्डीपासून आठ मैलांवरच्या त्या गावात मी मास्तर म्हणून रुजू झालो, तेव्हा दुष्काळाचं दुसरं वर्ष चालू होतं. निम्मं गाव सडकेच्या कामावर खडी फोडत होतं. मावशींच्या नवऱ्यानं दुसरं लग्न करून मळ्यात बिऱ्हाड थाटलेलं, त्यामुळे गावातल्या घरात त्या एकट्याच. पुढची खोली त्यांनी मला भाड्यानं दिली. मी ट्रंक टेकवली आणि त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"ह्यात काय हाय?"

"पुस्तकं."

"कसली?"

"चांगली आहेत, मावशी."

"समदेच चांगली म्हनत्यात. काढा भाईर."

तपासणीची रीत ठरलेली होती. पुस्तक हातावर तोलायचं, वास घ्यायचा, मग मध्येच कुठंतरी उघडून पानावर अंगठा दाबायचा. "हितलं वाचा, गुर्जी." मी वाचू लागलो की त्या पुस्तकाकडं नाही, माझ्या डोळ्यांकडं बघत. एका गोष्टीत नायकानं नायिकेचा हात धरला होता. ती ओळ मी हळूच टाळली.

"वळ गाळली," मावशी म्हणाल्या.

"नाही हो."

"डोळ्यानं उडी मारली. बेडकावानी."

चौथीचं अंकगणितही या तपासणीतून सुटलं नाही. दोन नळांनी एक हौद तीन तासांत भरतो, असं उदाहरण होतं. मावशींनी ते दोनदा वाचायला लावलं.

"कंच्या गावात?"

"गावाचं नाव दिलेलं नाही."

"कसं देतील? लोकं घागरी घिऊन जातील न्हवं का. असलं खोटं पोरांस्नी शिकवता तुमी?"

अंकगणित नापास झालं. ते मी शाळेतच ठेवू लागलो.

संशय फक्त पुस्तकांवर नव्हता. कामावर खायला वाटतात त्या सुकडीत सरकारनं काहीतरी कालवलंय, पोस्टमन पत्र वाचून दाखवताना बऱ्या बातम्या स्वतःपाशी ठेवतो, असं त्यांचं पक्कं मत होतं. शिकल्या का नाहीत, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "भाऊ शिकवत हुता, ग गवताचा इथवर. बापानं पाटी हिरीत टाकली. पोरगी लिवाय शिकली तर चिठ्ठ्या लिवील म्हनला."

एकदा नगरला गेलो असताना मी तिथल्या वाचनालयातून एक कादंबरी आणली. सुमन नावाच्या बाईची गोष्ट. सासरी छळ होतो आणि अखेर ती घर सोडायचं ठरवते. मावशींनी अंगठा ठेवला, मी पान वाचलं, पण निकाल लागेना.

"मागलं ऐकल्याबिगर कसं कळायचं?" त्या म्हणाल्या. मग पहिल्या पानापासून तपासणी सुरू झाली. रोज शाळा सुटली की त्या सुपात ज्वारी निवडत बसायच्या आणि मी वाचायचो. उठताना रोज म्हणायच्या, "लई वंगाळ पुस्तक हाय. उद्या फुडं बघू, अजून किती वंगाळ हाय ते."

हेच मावशी पाण्याच्या टँकरच्या रांगेतही बोलल्या. बायकांकडून ते घरोघरी गेलं आणि चौथ्या दिवशी शाळा समितीचे अध्यक्ष आबा दोन माणसं घेऊन वर्गात आले.

"मास्तर, सासर सोडून पळून जायचं शिकवतंय म्हनं तुमचं पुस्तक."

"आबा, आधी वाचून तर बघा."

"वाचायचं कशाला? वाचल्यावर आमच्यावरबी परिनाम व्हायचा."

कुणी काय वाचावं हे दुसऱ्यानं ठरवू नये, यावर कॉलेजात असताना मी तावातावानं वाद घातले होते. त्या दिवशी नोकरी नवी होती. मी पिशवीतलं पुस्तक मुकाट्यानं काढून दिलं. आबांनी ते सोसायटीच्या कपाटात घालून कुलूप लावलं.

मावशींना कळलं तसं त्यांनी धुवट लुगडं नेसलं आणि थेट आबांचं घर गाठलं. पुढचं मला तिथं हजर असलेल्या सोसायटीच्या शिपायानं सांगितलं.

"पुस्तक द्या," मावशी म्हणाल्या. "माजी तपासनी ऱ्हायलीय."

"ते बायांनी वाचायचं न्हाई."

"मला कुटं वाचता येतंय? मला काय धोका?"

आबांनी मिशीवरून हात फिरवला. किल्ली मात्र दिली नाही.

दोन दिवस मावशी माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी सूप न घेताच येऊन माझ्या दाराशी बसल्या.

"तुमी ते आदी वाचलेलं हाय न्हवं?"

"आहे."

"मंग फुडं काय झालं त्या सुमनचं?"

आम्ही थांबलो होतो ते पान मला आठवत होतं. भल्या पहाटे सुमन तान्ह्या पोरीला घेऊन फाट्यावर एस.टी.ची वाट बघत उभी असते. पुढं पुस्तकात तिचा नवरा आणि दीर बैलगाडी घेऊन येतात, तिला परत नेतात आणि शेवटच्या पानावर ती पुन्हा त्याच चुलीपुढं बसलेली असते.

"एस.टी. आली," मी म्हणालो.

"बसली?"

"बसली."

"पोरगी?"

"मांडीवर. खिडकीशी जागा मिळाली."

मावशी माझ्या डोळ्यांकडं बघत नव्हत्या. समोरच्या रिकाम्या अंगणाकडं बघत होत्या. मग पदरानं उगाच उंबरा पुसला.

"आमच्या टायमाला सर्विस मोटार हुती," त्या म्हणाल्या. "म्या बी थांबले हुते फाट्यावर. मोटारीला उशीर झाला, तवर दीर पोचला."

त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"बरं झालं," म्हणाल्या. "एकीची तरी गाडी येळेवर आली."